उसनवारीची गादी

वसईचा किल्ला पाहायला येणारी कुटुंबे चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी हमखास थांबतात. वडील मंडळी मुलांना १७३९ सालची गोष्ट सांगतात. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे मुठीत ठेवलेली वसई मराठ्यांनी सुरुंग लावून, तटाच्या खिंडारात हजारो माणसे बळी देऊन कशी घेतली, ते ऐकताना मुलांचे डोळे चमकतात. पण याच वसईत त्यानंतर ६३ वर्षांनी जे घडले, ते मुलांना सांगावे असे कोणाला फारसे वाटत नाही. पाठ्यपुस्तकात त्याची एक ओळ असते : ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. परीक्षेत एका गुणाला विचारतात. मुले पाठ करतात आणि विसरून जातात.

तह करणारे होते दुसरे बाजीराव, मराठी राज्याचे शेवटचे पेशवे. 'पळपुटा बाजीराव' या नावानेच ते आपल्या बोलण्यात उरले आहेत. एखाद्या माणसाचे सबंध आयुष्य एका विशेषणात बसवले की विचार करण्याचे कष्ट वाचतात. पण हे आयुष्य जरा सावकाश उलगडून पाहण्यासारखे आहे. परक्याच्या मदतीने गादीवर बसलेला राज्यकर्ता त्याच परक्याच्या हातून गादीवरून कसा उतरतो, याचा इतका स्पष्ट दाखला आपल्या इतिहासात दुसरा नाही.

जन्म आणि एक कागद

बाजीरावांचा जन्म १० जानेवारी १७७५ चा, माळव्यातल्या धारच्या किल्ल्यातला. वडील रघुनाथराव, म्हणजे आपले राघोबादादा, त्या वेळी बारभाईंच्या फौजा पाठीवर घेऊन गुजरातेत वणवण करत होते. पुतण्या नारायणरावाच्या खुनाचा डाग त्यांच्यावर होता आणि पेशवाईची हाव काही सुटत नव्हती. बाळ जेमतेम दोन महिन्यांचे असताना, मार्च १७७५ मध्ये, राघोबादादांनी सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी करार केला. इंग्रजांनी फौज देऊन त्यांना पुण्याच्या गादीवर बसवायचे आणि मोबदल्यात साष्टी आणि वसई घ्यायची, असा तो सौदा होता.

वसईचे नाव बाजीरावांच्या आयुष्यात आले ते असे, पाळण्यातच. ज्या वसईसाठी राघोबादादांच्या सख्ख्या चुलत्याने जिवाचे रान केले होते, ती पुतण्याने लिहून दिली.

तो सौदा तडीस गेला नाही. कलकत्त्याच्या इंग्रज वरिष्ठांनी आधी तो मोडीत काढला, पुढे युद्ध पुन्हा पेटले, १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना नामुष्की पत्करावी लागली. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई जिंकली खरी, पण १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली ती राहिलीच. राघोबादादांच्या वाट्याला नेमणूक आली आणि १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावला त्यांचा शेवट झाला.

मागे राहिली आनंदीबाई आणि मुले. कोपरगाव, नाशिकजवळचे आनंदवल्ली, नंतर जुन्नरचा शिवनेरी असा या कुटुंबाचा नजरकैदेतला प्रवास झाला. खेळायच्या वयापासून एकविसाव्या वर्षापर्यंत बाजीरावांनी पहारेकरी पाहिले. आपल्याशी गोड बोलणारा माणूस आपली पत्रे फोडतो, हे त्यांना लहानपणीच कळले. दिसायला देखणे, बोलायला मिठ्ठास, संस्कृतात चांगली गती, पूजाअर्चेची ओढ असे ते वाढले. राज्य चालवायला लागतो तो विश्वास मात्र त्यांना कोणी शिकवला नाही. माणसावर विश्वास ठेवायचाच नाही, हेच ते शिकले.

गादी आणि तिचे धनको

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. वय अवघे २१. गादीला वारस नव्हता. रक्ताने जवळचे होते ते राघोबादादांचे मुलगे. नाना फडणिसांनी ज्या घराण्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवले, त्याच घराण्याकडे गादी जायची वेळ आली. पुढचे वर्षभर पुण्यात जो खेळ चालला त्याने कोणाचीच शोभा राहिली नाही. बाजीरावांचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा (वसईवीर चिमाजी अप्पांच्या नावाचा, पण नशिबाचा नव्हे) याला सवाई माधवरावांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केले, मग उतरवले. शेवटी डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवे झाले.

झाले ते दौलतराव शिंद्यांना मोठी रक्कम कबूल करून. माझी नोकरी बँकेत गेली. कर्जाचे कागद वाचून वाचून एक सवय लागली आहे : कर्जदाराने रक्कम किती घेतली हे मी नंतर पाहतो, परतफेड कशातून करणार हे आधी पाहतो. बाजीरावांजवळ परतफेडीला काही नव्हते. तिजोरी रिकामी होती. मग १७९८ मध्ये शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे वसुलीला निघाले आणि पुण्यातल्या सावकारांना, सरदारांना, साध्या गृहस्थांना मारहाण करून, छळून पैसा काढला गेला. पेशव्यांच्या राजधानीत, पेशव्यांच्या डोळ्यांदेखत, पेशव्यांच्या कर्जासाठी रयत लुटली गेली. त्या दिवसानंतर पुण्याच्या माणसांना या गादीबद्दल काय वाटले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

मार्च १८०० मध्ये नाना फडणीस वारले. कारभाराला धरबंध घालणारा शेवटचा माणूस गेला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८०१ मध्ये, बंडखोरी करून सापडलेल्या विठोजी होळकरांना बाजीरावांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले. जुन्या पेशव्यांनी अशा प्रसंगी समजूत घालून, जहागीर देऊन माणूस जोडला असता. बाजीरावांनी जुने उट्टे काढले. विठोजींचे भाऊ यशवंतराव होळकर होते. ते फौज घेऊन निघाले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ त्यांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा धुव्वा उडवला.

वसईतले चार महिने

बाजीराव पुण्यातून निघाले ते सिंहगड, रायगड, महाड करत हर्णैच्या किनाऱ्याला पोचले. तिथून इंग्रजांच्या जहाजातून १८०२ च्या डिसेंबरच्या मध्याला ते वसईत उतरले. पाठीमागे यशवंतरावांकडून परतण्याचे निरोप येत होते, पण ज्याचा भाऊ हत्तीच्या पायी दिला त्याच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा? इकडे यशवंतरावांनी अमृतरावांच्या, म्हणजे बाजीरावांच्या दत्तक भावाच्या, मुलाला पुण्यात गादीवर बसवायची तयारी केली. बाजीरावांच्या दृष्टीने आता घाई होती.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०२ ला, इंग्रज रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज यांच्याबरोबर तह झाला. त्याच्या अटी थोडक्यात अशा. इंग्रजांची किमान सहा हजार पायदळाची फौज, तोफखान्यासह, पेशव्यांच्या मुलखात कायमची राहील. तिच्या खर्चासाठी पेशवे वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देतील. इंग्रजांशी वैर असलेल्या कोणत्याही युरोपीय माणसाला चाकरीत ठेवणार नाहीत. सुरतेवरचा हक्क सोडतील. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले तंटे इंग्रजांच्या निवाड्यावर सोपवतील. आणि सर्वांत जड अट : इंग्रजांशी सल्लामसलत केल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही राज्याशी ना लढाई करतील, ना बोलणी.

कर्जाच्या भाषेत सांगायचे तर तारण म्हणून घराचा एखादा खण दिला नव्हता, घराची किल्ली दिली होती. फौज इंग्रजांची, खर्च पेशव्यांचा, आणि ती फौज कधी, कोणावर चालवायची हे ठरवण्याचा अधिकार प्रत्यक्षात इंग्रजांकडे. मराठी राज्याचा पंतप्रधान शिंदे, होळकर, भोसले या आपल्याच सरदारांशी स्वतंत्रपणे बोलू शकणार नव्हता.

कंपनीचा हिशेबही समजून घ्यायला हवा. त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांना फ्रेंचांची धास्ती होती. शिंद्यांच्या कवायती पलटणी फ्रेंच अधिकारी चालवत होते. हैदराबादचा निजाम आधीच तैनाती फौजेच्या जाळ्यात होता, टिपू १७९९ मध्ये संपला होता. उरले होते मराठे. त्यांचा मुख्य माणूस आपण होऊन दारात आला, तर त्याला कोण परत पाठवील? कंपनीला बाजीरावांची कणव नव्हती आणि त्यांचा राज्यकारभार सुधारण्याचीही तळमळ नव्हती. तिला पुण्यात आपल्या फौजेची छावणी हवी होती आणि ती बोलावणे येऊन मिळत होती.

गव्हर्नर जनरलांचे धाकटे भाऊ आर्थर वेलस्ली, ज्यांनी पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला, २० एप्रिल १८०३ रोजी फौजेसह पुण्यात शिरले. एप्रिलअखेर बाजीराव वसईहून इंग्रजी पहाऱ्यात निघाले आणि १३ मे रोजी पुन्हा पुण्यात आले. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मानवणे शक्यच नव्हते. गंमत अशी, की खुद्द बाजीरावांचाही त्यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार चालू होता. सही वाळते न वाळते तोच त्यांना करार नकोसा झाला होता. पण युद्ध पेटले आणि सप्टेंबर ते डिसेंबर १८०३ मध्ये असई, दिल्ली, लासवारी, अडगाव इथे मराठ्यांचे बळ मोडले. फौजांच्या जाण्यायेण्याने दख्खनची शेते तुडवली गेली होती. त्यात पाऊस ओढला आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. तहाची खरी किंमत प्रथम कोणी मोजली असेल, तर त्या शेतकऱ्यांनी.

सुखाची पंधरा वर्षे

पुढची काही वर्षे वरवर पाहता शांततेची होती. लुटारू येत नव्हते. पुण्यात विश्रामबागवाडा उभा राहिला, श्रावणात दक्षिणेचे रमणे भरत, देवस्थानांना दाने मिळत. बाळंभटदादा देवधरांसारख्या मल्लविद्येच्या गुरूला आश्रय होता. मल्लखांब आज शाळेशाळेत दिसतो, त्यात बाजीरावांच्या काळाचा वाटा आहे. हेही त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

पण या शांततेतच राज्याला वाळवी लागली. पूर्वीच्या पेशव्यांना फौजेसाठी सरदार हवे होते, सरदार टिकायला मुलूख नांदता हवा होता, मुलूख नांदायला रयत राजी हवी होती. ही साखळी होती आणि तिचा धाक राज्यकर्त्याला होता. आता फौज इंग्रजांची. मग सरदारांची गरज काय? बाजीरावांनी जुन्या जहागीरदारांच्या मागे लागून त्यांचे मुलूख काढायला सुरुवात केली. पटवर्धनांसारखे दक्षिणेतले सरदार आणि पेशवे यांच्यात १८१२ मध्ये पंढरपूरला तोड निघाली ती इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या मध्यस्थीने. म्हणजे मराठी सरदार आपली गाऱ्हाणी घेऊन इंग्रजांकडे जाऊ लागले. मामलती लिलावाने, जास्त बोलीवाल्याला इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या. इजारदाराला वर्षभरात बोलीचा पैसा वसूल करायचा असे, गाव पुढच्या वर्षी जगते की नाही याची त्याला फिकीर नसे. बाहेरच्याच्या बळावर बसलेल्या राज्यकर्त्याला आतल्यांची मर्जी राखावी लागत नाही. आणि वेळ आली की आतले त्याच्या पाठीशी उभे राहत नाहीत.

वेळ आली १८१५ मध्ये. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते. जुलैमध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. इंग्रजांनी पेशव्यांचे लाडके कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर ठपका ठेवला आणि त्यांना ताब्यात मागितले. सार्वभौम राज्यकर्ता अशी मागणी ऐकूनही घेत नाही. बाजीरावांना त्रिंबकजी द्यावे लागले. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी ठाण्याच्या तुरुंगातून पळाले आणि मग इंग्रजांनी दोर आवळला. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने बाजीरावांना मराठी मंडळाचे प्रमुखपणही सोडावे लागले आणि उत्तर कोकणही. त्यात वसई गेली. बापाने देऊ केलेली, मुलाने जिथे आसरा घेतला ती वसई अखेर कंपनीची झाली.

उतरवणे

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला बाजीरावांनी हत्यार उचलले. संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली. बापू गोखले शर्थीने लढले. लढाई चालू असताना बाजीराव पर्वतीवर होते. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि ते चढवण्यात पुढाकार होता बाळाजीपंत नातू या मराठी माणसाचा. ही नोंद आपल्याला बोचते. पण वीस वर्षांत पेशव्यांनी किती माणसे तोडली होती, याचाही तो हिशेब होता.

मग सात महिन्यांची धावपळ. सातारा, जुन्नर, कोरेगाव, सोलापूर, वऱ्हाड. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टन यांनी जाहीरनामा काढून बाजीरावांचे राज्य संपल्याचे सांगितले. त्यात सातारच्या छत्रपतींना वेगळे राज्य देण्याचे आणि लोकांची वतने, इनामे, धर्म जपण्याचे आश्वासन होते. भांडण बाजीरावांशी आहे, तुमच्याशी नाही, असा त्याचा सूर होता. शहाणपणाचा कागद होता. त्यानंतर नऊच दिवसांत सोलापूरजवळच्या आष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. ३ जून १८१८ रोजी अशीरगडाजवळ बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. स्वतःचा आणि वारसांचा राज्यावरचा हक्क सोडायचा, दख्खन सोडून उत्तर हिंदुस्थानात राहायचे आणि वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन घ्यायचे, असे ठरले.

वय होते ४३. पुढची जवळजवळ ३३ वर्षे ते कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला राहिले. सकाळी गंगास्नान, पूजा, दानधर्म, पुन्हापुन्हा लग्ने, भोवती दक्षिणेतून आलेल्या मराठी कुटुंबांचा गोतावळा आणि नजर ठेवायला कंपनीचा अधिकारी. आयुष्य नजरकैदेत सुरू झाले आणि नजरेखालीच संपत आले.

त्यातली एक गोष्ट मला सतत आठवते. १८३९ मध्ये इंग्रजांनी अफगाणिस्तानावर स्वारी केली. लुधियान्यात कंपनीच्या पेन्शनीवर दिवस काढणाऱ्या शाहशुजाला त्यांनी आपल्या फौजेच्या जोरावर काबूलच्या गादीवर परत बसवले. १८४२ मध्ये इंग्रज फौज काबूलहून निघाली आणि वाटेत तिची दाणादाण उडाली. त्याच वर्षी शाहशुजाला त्याच्याच मुलखातल्या लोकांनी ठार केले. या युद्धात कंपनीला पैशाची चणचण भासली, तेव्हा बिठूरच्या पेन्शनरांनी आपल्या शिलकीतून पाच लाख रुपये कर्जाऊ दिले. परक्यांनी बसवलेल्या आणि परक्यांनीच उतरवलेल्या एका माणसाचा पैसा, परक्यांनी बसवलेल्या दुसऱ्या माणसासाठी खर्च झाला. बाजीरावांना त्यात काही जाणवले असेल का, कोण जाणे.

जानेवारी १८५१ मध्ये ते वारले. आठ लाखांच्या हिशेबाने कंपनीने त्यांना एकंदर सुमारे अडीच कोटी रुपये दिले होते. लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकपुत्र धोंडोपंत नानासाहेबांना पेन्शन नाकारले आणि खाते बंद केले. पण बिठूरच्या वाड्यात नानासाहेब वाढले होते, तात्या टोपे वाढले होते, आणि मोरोपंत तांब्यांची मनू, पुढची झाशीची राणी, तिथेच लहानाची मोठी झाली होती. ज्या माणसाने आयुष्यभर लढाई टाळली, त्याच्या आश्रयाला वाढलेली पिढी १८५७ मध्ये लढली.

मग राज्य बुडवले ते एकट्या बाजीरावांनी का? तसे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. शिंदे, होळकर, भोसले एकमेकांचे हिशेब चुकते करण्यात गुंतले होते. प्रत्येकाला दुसऱ्याचा पराभव राज्याच्या नुकसानीपेक्षा अधिक गोड लागत होता. उद्या बाजीराव वसईला गेले नसते, तर दुसरा कोणी गेला असता. पण गेले ते बाजीराव, आणि म्हणून जबाबदारीही त्यांचीच. घरातल्या भांडणात शेजारच्या बळवंताला काठी घेऊन बोलावता येते. भांडण मिटल्यावर त्याने घरी जावे, असे मात्र त्याला सांगता येत नाही, कारण काठी त्याच्या हातात असते. आणि बाजीरावांना उतरवताना इंग्रजांनी त्यांच्या गैरकारभाराची जी यादी वाचली, तो गैरकारभार पंधरा वर्षे त्यांच्याच फौजेच्या सावलीत चालला होता, हेही विसरता कामा नये. वाईट राज्यकर्ता जावा ही रयतेची इच्छा रास्त असते. पण त्याला परक्याने घालवले, की त्याच्याबरोबर रयतेचे राज्यही जाते. महाराष्ट्रात ते परत यायला १९४७ उजाडले.

पुढच्या खेपेला वसईच्या किल्ल्यात मुलांना घेऊन जाल, तेव्हा चिमाजी अप्पांची गोष्ट जरूर सांगा. मग तटावर बसून डबे उघडताना दुसरीही सांगा. किल्ला तोच, समुद्र तोच. एका तारखेला आपल्या माणसांनी जीव देऊन तो घेतला आणि दुसऱ्या तारखेला आपल्याच एका माणसाने, आपल्याच माणसांच्या भीतीने, इथे सही केली. मुलांना दोन्ही समजतील.